थोरल्या गाडीला धाकटी जाऊ हवी का?

मैत्रिणींनो,

या आठवड्याच्या टपालात नेहमीची पत्रं होतीच. कैरीच्या लोणच्याला आलेली बुरशी, साडीवरचा हळदीचा डाग, गव्हात झालेले सोंडे. त्यांना पुढच्या अंकात उत्तरं देते. पण मंगरूळपीरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे, ते मी तीनदा वाचलं. आज सगळी जागा त्यालाच द्यायची ठरवली आहे.

त्या लिहितात, "ताई, आमचे हे या उन्हाळ्यात शाळेतून निवृत्त झाले. मुलगी सासरी सुखात आहे, मुलगा पुण्याला. यांनी एक जुनी बारा आसनी गाडी घेतली. बाकं काढून तीत दोन पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. आता म्हणतात, वर्षभर या गाडीतच राहायचं. आधी माहूर, मग औंढा नागनाथ, पंढरपूर, गाणगापूर, पुढे नर्मदेचा काठ. इथलं घर भाड्याने द्यायचं. माझी ना नाही, मलाही हिंडायची हौस आहे. पण ते माझी स्कूटी विकायला निघाले आहेत. म्हणतात, 'एवढी मोठी गाडी दारात असताना दुसरीचं लोढणं कशाला?' मी म्हणते, भाजी आणायला काय घर घेऊन जायचं? यावर ते नुसते हसतात. या स्कूटीवर मी दहा वर्षं मुलीला शिकवणीला सोडलं, बँकेची कामं केली, सासूबाईंना दवाखान्यात नेलं. माझा मुद्दा मला नीट मांडता येत नाही. तुम्ही सांगाल ते ऐकेन."

वहिनी, मुद्दा तुम्ही एका वाक्यात मांडला आहे. भाजी आणायला घर घेऊन जायचं का? सगळा प्रश्न एवढाच आहे. फक्त त्याला थोडी आकडेमोड जोडली पाहिजे. पुरुषांना आकडे दाखवले की ते हसायचे थांबतात!

आजीच्या दारातली दोन वाहनं

फिरतं बिऱ्हाड आपल्या मुलखाला नवं नाही. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडणाऱ्या बंजाऱ्यांची लदेणी याच वाटांनी जायची. त्यांचं पोहरादेवी आपल्याच मानोरा तालुक्यात आहे. आता निवृत्त माणसं चाकांवरच्या घरातून निघतात, इतकाच फरक. आपल्या सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हा यजमानांच्या डोक्यात काही खूळ शिरलंय असं मानू नका.

पण जुन्या शेतकरी घरांत एक गोष्ट होती. माझ्या आजीच्या दारात बंडी होती आणि दमणीही होती. कापसाला, कडब्याला, खताला बंडी. लेकीला माहेरी आणायला, देवाला जायला दमणी. बंडी मोठी, म्हणून दमणी विकून टाका असं आजोबा कधी म्हणाले नाहीत. शेर तांदळासाठी बंडी जुंपणाऱ्याला गावाने वेडाच म्हटलं असतं.

माझी भाची अमेरिकेत असते. ती सांगते, तिकडेही बरीच निवृत्त जोडपी बसएवढ्या मोटारघरात बारा महिने राहतात. ते घर लिटरमागे जेमतेम तीन-चार किलोमीटर चालतं. म्हणून त्यातले पुष्कळ लोक मागे एक छोटी मोटार बांधून ओढत नेतात. घर एका जागी उभं केलं की दूध, औषध, देऊळ सगळं त्या छोट्या मोटारीवर. ज्यांचं घर इंजिनाशिवायचं असतं आणि दुसऱ्या गाडीने ओढायचं असतं, त्यांना तिसरी लागत नाही. मुक्कामाला घर सोडायचं आणि ओढणारी गाडी घेऊन बाजारात जायचं. तुमच्या गाडीत इंजिन आणि घर एकच आहे, म्हणून हा पेच.

आता हिशेब

वही-पेन्सिल घ्या. आकडे मी ठोकळ धरले आहेत, तुम्ही आपल्या गाडीचे घाला.

समजा मुक्कामाच्या दिवशी भाजी, दूध, देऊळ, टपाल मिळून बारा किलोमीटर फिरणं होतं. मोठी गाडी गावातल्या गर्दीत लिटरला आठ किलोमीटर देईल, म्हणजे दीड लिटर डिझेल. भाव ९० रुपये धरला तर १३५ रुपये. स्कूटी लिटरला चाळीस देते असं धरा. पाव लिटरहून थोडं जास्त पेट्रोल, १०५ च्या भावाने साधारण ३२ रुपये. फरक दिवसाला शंभर रुपयांचा.

महिन्यातले वीस दिवस एका जागी मुक्काम असेल तर महिन्याला दोन हजार वाचले. दहा महिन्यांत वीस हजार. स्कूटीचा विमा, धुराची तपासणी, दोन वेळा सर्व्हिसिंग आणि टायरसाठी बाजूला टाकलेले पैसे मिळून वर्षाला पाच हजार धरा. तरी पंधरा हजार शिल्लक. दहा वर्षांच्या जुन्या स्कूटीचे विकून तरी किती येतील? तेवढेच.

पण हीच वही उलटी वाचा. यजमानांचा बेत रोज नवं गाव असा असेल आणि महिन्यात एका जागी स्वस्थ बसणं पाचच दिवस असेल, तर दहा महिन्यांत पाच हजारच वाचतात. ते सगळे स्कूटीच्या देखभालीत जातात. म्हणजे ना नफा ना तोटा. वर तिला सांभाळण्याची कटकट.

शिवाय उद्या कुणी म्हणालं, जुनी विका आणि प्रवासासाठी नवी कोरी घ्या, तर चक्क नाही म्हणा. लाखभर रुपयांची स्कूटर दिवसाला शंभर वाचवून वसूल व्हायला मुक्कामाचे हजार दिवस लागतील. महिन्याला वीस दिवस धरले तरी चार वर्षांच्या वर झाले.

तेव्हा सूत्र लक्षात ठेवा. किलोमीटर मोजू नका, मुक्काम मोजा. जिथे बिऱ्हाड आठ-पंधरा दिवस टेकतं तिथे धाकटी गाडी कमावती असते. जिथे रोज चाकं हलतात तिथे ती पाहुणी, आणि पाहुणीचं खाणंपिणं असतंच.

पण न्यायची कशी?

इथे मात्र तुमच्या यजमानांच्या बाजूने चार शब्द बोलले पाहिजेत.

ते मोठी गाडी चालवतील आणि मागून तुम्ही स्कूटीवर याल, असं मनात असेल तर काढून टाका. दोनशे किलोमीटर उन्हातान्हात, ट्रकांच्या मधून? शिवाय आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव भागातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. हा रस्ता नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून मुंबईकडच्या टोकापर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे. तुम्ही दोघं दोन वेगळ्या रस्त्यांनी जाणार का?

मागे लोखंडी चौकट लावून तीवर स्कूटी टांगायची, हे ऐकायला सोपं वाटतं. पण शंभर किलोच्या आसपासचं वजन मागच्या चाकांच्याही मागे लोंबायला लागलं की गाडीचं तोंड हलकं होतं, वळणावर ती ऐकत नाही. मागचे दिवे आणि नंबराची पाटी झाकली जाते. आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ घडणीत मनाने बदल करता येत नाही. परिवहन कार्यालयाची संमती लागते, बदलाची नोंद पुस्तकात व्हावी लागते. खरं तर तुमच्या गाडीतली बाकं काढून पलंग बसवले, त्याचीही नोंद झाली आहे का, हे यजमानांना आजच विचारा. न केलेल्या नोंदीमुळे अपघाताच्या वेळी विम्याचे पैसे अडकू शकतात. स्कूटीच्या वादापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

स्कूटी गाडीच्या आत चढवू नका, हे तर हात जोडून सांगते. पेट्रोलची वाफ, शेजारी गॅसची शेगडी आणि दारं लावून झोपलेली दोन माणसं! घरात पेट्रोलचा डबा उशाशी घेऊन आपण कधी झोपतो का?

लांबच्या एखाद्या जागी दोन-तीन महिने राहायचं असेल तर रेल्वेने पार्सल करता येते. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, गाडीला नीट वेष्टण लागतं आणि नोंदणीच्या पुस्तकाची व ओळखपत्राची प्रत लागते. अकोला-पूर्णा मार्गावरचं वाशीम स्थानक तुम्हाला जवळ आहे. तिथे पार्सलची सोय कशी आहे ते आधी चौकशी करून पाहा. पण आठ दिवसांच्या मुक्कामासाठी हा खटाटोप परवडायचा नाही.

न बाळगता येणारी धाकटी गाडी

आणि बायांनो, आपल्याला एक धाकटी गाडी आधीच मिळालेली आहे, तिचं नाव लाल परी! १७ मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एस.टी.चं अर्धं तिकीट आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या पुरुषांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरीपुढे कुणालाच तिकीट नाही. मोठी गाडी तालुक्याच्या गावी सावलीत उभी करा आणि आडगावच्या देवाला एस.टी.ने जाऊन या. डिझेलचा धूर होत नाही, गाडी कुठे लावायची ही विवंचना नाही. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती, गाणगापूरला निघाल तेव्हा हे ध्यानात ठेवा.

गोव्यासारख्या ठिकाणी स्कूटर भाड्याने मिळते. पण तिची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असली तरच घ्या. कुणाची तरी घरची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. काही झालं तर विमा आणि पोलीस, दोन्हीकडून हात वर होतात.

आणखी एक बायकी युक्ती. गावात शिरतानाच भाजी, किराणा, औषध, पिण्याचं पाणी घेऊन टाका, आणि मगच गाडी मुक्कामाला लावा. अर्ध्या फेऱ्या तिथेच वाचतात.

माझी चूक

आता एक गोष्ट सांगते, ती हिशेबात बसत नाही.

माझ्याकडे लूना होती. १९७२ साली लूना बाजारात आली आणि गावोगावच्या बायका पहिल्यांदा कुणाला न विचारता बाजारात जाऊ लागल्या. माझी पुष्कळ नंतरची, पण जीव तेवढाच. २००८ साली आमच्याकडे नऊ जणांची मोठी जीप आली. आमचे हे म्हणाले, "आता ही फटफट कशाला?" मीही म्हटलं, खरंच कशाला! लूना विकली. आलेल्या पैशांत जीपच्या गाद्या शिवल्या. मला त्या गाद्यांचं कौतुकही होतं.

पुढच्या वर्षी श्रावणात एका रात्री दीड वाजता यांच्या छातीत कळ आली. बाहेर धो धो पाऊस. दारात जीप उभी, खिळ्याला किल्ली लटकलेली, आणि मला ती गाडी चालवता येत नव्हती. चालवता येणारा माणूस पलंगावर घामाने भिजलेला. तेव्हा आपल्याकडे १०८ ची गाडी नव्हती, ती सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली. मी पदर डोक्यावर घेऊन शेजारच्यांची कडी वाजवत राहिले. शेजारची काकू दार उघडून म्हणाली, "काय झालं वो बाई? थांबा, पोराले उठवतो." त्यांच्या मुलाने यांना मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागून त्याच्या भावाने धरलं आणि दवाखाना गाठला. मी पावसात मागून चालत गेले.

हे वाचले. आज माझ्या शेजारी बसून चहा पीत आहेत आणि "हे कशाला लिहितेस?" म्हणत आहेत. पण ते वीस मिनिटांचं चालणं मी विसरले नाही. लूना असती तरी छातीत दुखणारा माणूस तीवर नेण्यासारखा नव्हता, हे मला कळतं. चूक लूना विकण्यात नव्हती. माझ्या हातात चालणारं एकच वाहन होतं, ते मी दिलं आणि त्या बदल्यात दुसरं शिकून घेतलं नाही, ही चूक.

त्या दिवाळीनंतर मी जीप शिकले. पन्नाशी उलटून गेली होती. मैदानावरची पोरं हसली. हसू दे.

तर माझा सल्ला असा

वहिनी, स्कूटी विकू नका, आणि पहिल्या फेरीला सोबतही नेऊ नका.

घर भाड्याने देताना एक खोली किंवा पडवी आपल्याकडे कुलूप लावून ठेवा. नाहीतर बहिणीकडे, भावाकडे ठेवा. स्कूटी मधल्या स्टँडवर उभी करा, बॅटरीची तार काढून ठेवा, वरून चादर टाका. कुणा विश्वासाच्या माणसाला पंधरा दिवसांनी एकदा तार जोडून सुरू करायला सांगा. विमा मात्र उभ्या गाडीचाही चालू ठेवा. दहा वर्षांची आहे, म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं भरायला अजून पाच आहेत.

पहिले दोन महिने मोठ्या गाडीनेच हिंडा. जवळ एक छोटी वही ठेवा. तीत रोज एकच ओळ लिहा, आज स्कूटी हवी होती का आणि कशाला. "हवी होती, भाजीला." "नको होती, एस.टी. मिळाली." "हवी होती, हे झोपले होते आणि मला देवळात जायचं होतं." हो, हेही लिहा! तेही कारणच आहे. दोन महिन्यांनी वही दोघांनी मिळून वाचा. मुक्काम लांबत असतील तर पुढच्या मोठ्या मुक्कामाला स्कूटी पार्सलने मागवा. नसतील तर ती घरी तुमची वाट पाहील. वर्षाने परत याल तेव्हा पुन्हा बँक आहे, बाजार आहे. तेव्हा यजमानांच्या मोठ्या गाडीच्या मागे मागे हिंडायचं का?

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. निघण्याआधी ती मोठी गाडी चालवायला शिका. हलक्या मोटार वाहनाचा परवाना साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला चालतो, तुमची बारा आसनी त्यात बसते. आधी शिकाऊ परवाना, मग तीस दिवसांनी परीक्षा. मुंबईच्या गर्दीत नका चालवू, पण रात्री दोन वाजता दहा किलोमीटर दवाखान्यापर्यंत नेता आली पाहिजे. यजमानांना म्हणा, "मी ही शिकते, मग स्कूटीचं बोलू." बघा, वादाचा सूरच बदलेल.

दोन छोटी उत्तरं

*रिसोडच्या भगिनीस:* तुम्ही दोघं आठवडी बाजार करता, कापडाचे गठ्ठे मालवाहू टेम्पोत आणि तुम्ही गठ्ठ्यांवर. ताई, हे थांबवा. मालवाहू गाडीत मागे बसलेल्या माणसाला अपघातात विम्याचं संरक्षण मिळत नाही. चालकाशेजारी पुस्तकात नोंदलेली जागा असेल तर तिथेच बसा, नाहीतर एस.टी.चं अर्धं तिकीट काढा. तुमच्या घरी दुचाकी ही चैन नाही, गरज आहे. बाजार लवकर उठला तर लेकरांकडे कुणीतरी एकाने आधी पोचायला नको का?

*कारंज्याच्या सूनबाईस:* विजेची स्कूटर गावात फिरायला चांगली. शंभर किलोमीटरला तीन-चार युनिट वीज लागते, म्हणजे पेट्रोलपेक्षा फारच स्वस्त. पण भार नियमित जातो अशा ठिकाणी, किंवा दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर चार्जिंगची जागा आधी ठरवा, मगच पैसे भरा. खिडकीतून सोडलेल्या लांब तारेवर रात्रभर चार्ज करू नका.

कात्री लावून ठेवण्यासारखं

• महिन्याला दहापेक्षा जास्त मुक्कामाचे दिवस असतील तरच दुसऱ्या वाहनाचा विचार करा.
• जुनं चालू वाहन असेल तर ठेवा, प्रवासासाठी म्हणून नवं घेऊ नका.
• दोन्ही वाहनांची पुस्तकं, विमा, धुराचा दाखला एका पिशवीत, प्रती दुसऱ्या पिशवीत.
• गाडी दुसऱ्या राज्यात सलग वर्षाच्या वर ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते.
• दुचाकीवर दोघांनाही हेल्मेट. देवळाच्या दारापर्यंतच जायचं असलं तरी.
• घरातल्या प्रत्येक वाहनाची किल्ली कुठे आहे आणि ते चालवता येणारी निदान दोन माणसं कोण, हे आज रात्री जेवताना ठरवा.

वहिनी, वही भरली की मला जरूर कळवा. "हे झोपले होते आणि मला देवळात जायचं होतं," ही ओळ किती वेळा आली, तेवढं आधी सांगा.

तुमची,
ताई